मठात गेलेली नणंद

मोर्नोंच्या घरात लग्न होऊन आले, तेव्हा माझी नणंद नन आहे याचा मला केवढा अभिमान वाटला होता! न्यू इंग्लंडातलं आमचं गाव गिरणीचं. सगळे क्यूबेकहून आलेले फ्रेंच लोक, आणि ज्या घरातला मुलगा फादर झाला किंवा मुलगी मठात गेली, त्या घराला चर्चमध्ये वेगळा मान. माझ्या माहेरी सात भाऊ. एकही त्या वाटेला गेला नाही. उलट दोघं तुरुंगाची हवा खाऊन आले. त्यामुळे माझी आई लग्नाआधी चार बायकांत सांगत फिरायची, "रोलांदला घर बघा कसं मिळालंय! सख्खी नणंद क्यूबेकच्या मठात आहे. बाहेरच्या माणसाचं तोंडसुद्धा बघत नाहीत तिथे."

तिचं नाव देलिमा. माझा नवरा अडेलार याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचा ननच्या वेषातला फोटो घरात कुठे नव्हता, कारण म्हणे त्या मठात फोटो काढू देत नाहीत. पत्रंही येत नसत. सासूबाई मात्र दर उन्हाळ्यात एक दिवस सकाळच्या बसने लेकीला भेटायला जायच्या, संध्याकाळी परत यायच्या, आणि पुढचे दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मला वाटायचं, प्रवासाचा शीण. एका दिवसात क्यूबेकला जाऊन परत कसं येता येईल, हा प्रश्न मला तीन वर्षांत कधी पडला नाही.

सासूबाई शेवटच्या आजारपणात होत्या तेव्हा एका दुपारी मी त्यांचे पाय चोळत होते. त्या म्हणाल्या, "रोलांद, क्यूबेकला आपलं कोणी नाही गं."

"असं कसं? देलिमा आहे ना?"

"देलिमा इथेच आहे. चाळीस मैलांवर. वेड्यांच्या इस्पितळात." मग म्हणाल्या, "अडेलारला माहीत आहे. त्याला विचारू नकोस. आणि वर्षातून एकदा तरी जात जा."

विचारू नकोस म्हणाल्या, ते मी पाळलं. जात जा म्हणाल्या, ते पाळलं नाही. अठरा वर्षांत एकदाही गेले नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना मी फार भली बाई होते असा तुमचा समज व्हायचा. आमच्या दोन्ही मुली रोज संध्याकाळी गुडघे टेकून मठातल्या आत्यासाठी प्रार्थना करत आणि मी त्यांच्या मागे उभी राहून 'आमेन' म्हणत असे.

१९७४ च्या मार्चमध्ये पत्र आलं. इस्पितळातले बरेच वॉर्ड बंद होणार होते. ज्यांना नातेवाईक आहेत आणि जे शांत आहेत, त्यांना घरी पाठवायचं ठरलं होतं. अडेलारने पत्र वाचलं, घडी घातली, ताटाखाली सरकवलं आणि दर शनिवारी असतात ते बीन्स पुढे खात राहिला. मुली तोवर गाव सोडून गेल्या होत्या. वरची खोली रिकामीच होती.

"काय करायचं?" मी विचारलं.

"आणायचं," तो म्हणाला. "दुसरं काय करणार?" आणि मग बऱ्याच वेळाने, "पण लोकांना काय सांगायचं?"

आम्ही तिला आणायला गेलो त्या दिवशी बर्फ वितळून सगळीकडे राडा झाला होता. नर्सने तिला बाहेर आणलं. बावन्न वर्षांची, बारीक, पांढरे केस कानापाशी कापलेले. हातात कागदी पिशवी. हात मात्र लाल आणि दणकट. वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळल्या होत्या तिने. आणि ओठ सारखे हलत होते. जीभ पुढे येई, आत जाई, जणू काहीतरी हळूच पुटपुटते आहे.

"ती बोलत नाहीये," नर्स मला म्हणाली. "गोळ्यांमुळे होतं असं. आता थांबणार नाही ते. गोळ्या मात्र थांबवू नका."

देलिमा अडेलारकडे बघत होती. शेवटचं पाहिलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ती म्हणाली, "टक्कल पडलं रे तुला."

"हो," अडेलार म्हणाला. एवढंच.

परतीच्या वाटेवर त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता तो बोलत राहिला. "देलिमा, गावात सगळ्यांना वाटतं की तू मठात होतीस. आईने तसं सांगितलं होतं. आता रोममध्ये पोपची मोठी धर्मसभा झाल्यापासून पुष्कळ नन मठ सोडून घरी आल्यात. कोणाला नवल वाटणार नाही. तब्येतीमुळे आलीस म्हणायचं."

देलिमाने मागच्या सीटवर मांडीवरची कागदी पिशवी नीट केली. मग तिने विचारलं, "मी तिथे काय करत होते?"

"प्रार्थना."

"एकतीस वर्षं?"

"हो."

ती हसली. एवढं मोकळं हसू मला अपेक्षित नव्हतं. "मग देवाला माझा आवाज पाठ झाला असेल," ती म्हणाली.

घराच्या दारापाशी येऊन ती थांबली. आम्ही आत गेलो तरी ती उभीच. माझ्या उशिरा लक्षात आलं की कोणीतरी दार उघडून 'ये' म्हणायची ती वाट बघते आहे. पहिले काही आठवडे असंच चाललं. दूध घेऊ का, दिवा लावू का, संडासला जाऊ का. आंघोळ करताना दार उघडं ठेवायची. जेवण दोन मिनिटांत संपवून वाटीभोवती हात गुंडाळून बसायची. मी तिला 'तुम्ही' म्हणत असे. एकदा आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. तिने घातलेली घडी अशी की जणू इस्त्रीच फिरवली आहे. मी म्हटलं, "तुमच्यासारखी घडी मला या जन्मात जमायची नाही."

"मला 'तुम्ही' नको म्हणूस," ती म्हणाली. "तिथे 'तुम्ही' फक्त नवीन आलेल्यांना म्हणायचे. एक आठवडा."

तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणू लागले.

गावाने तिला कसं घेतलं म्हणाल, तर डोक्यावर घेतलं. पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आमच्यासाठी पुढचा बाक सोडला गेला. देलिमाचे ओठ सारखे हलत होते आणि मागच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "बघ, बघ. जपमाळ संपतच नाही तिची. श्वास घेतल्यासारखी प्रार्थना चालते." दुसऱ्या रविवारी कोणीतरी तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मग आमच्या स्वयंपाकघरात बायकांची रीघ लागली. कोणाचा गुडघा, कोणाचा दारुडा नवरा, कोणाच्या सुनेला मूल नाही. "सिस्टर, आमच्यासाठी दोन शब्द टाका हो वर." देलिमा मान हलवायची. बाहेरच्यांसमोर तिला फारसं बोलायला जमत नसे, तेही लोकांना साधुत्वच वाटायचं.

त्या गेल्यावर ती मला विचारायची, "रोलांद, त्या बाईच्या गुडघ्यासाठी मी खरंच प्रार्थना केली. चालेल ना?"

"चालेल की."

"नन नसताना केलेली पोचते का?"

"माझी कुठे पोचते! तुझी पोचत असेल," मी म्हणायचे, आणि दोघी हसायचो. त्या वसंत ऋतूत आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं आधीही नव्हतं आणि नंतरही नाही. अडेलारसुद्धा कारखान्यातून आल्यावर तिच्याजवळ पायरीवर बसायचा. बोलायचा नाही, पण बसायचा. बुटांच्या कारखान्यात लोक त्याला नव्याने मान देऊ लागले होते. ते त्याला आवडत होतं.

आमच्या पलीकडच्या घरात लोरेत क्लूतिए राहायची. विधवा. एकुलती एक मुलगी जिनेत, बावीस वर्षांची. लोरेत सगळ्यांना सांगायची की जिनेतला हार्टफर्डला विम्याच्या कचेरीत नोकरी लागली आहे. मे महिन्यात एका दुपारी ती आमच्याकडे आली, दार लावून घेतलं, आणि देलिमाच्या पायाशी जमिनीवर बसली.

"सिस्टर, माझी पोर हार्टफर्डला नाहीये. वर आहे. पाच महिने झाले, खोलीबाहेर आली नाही. भिंतीशी बोलते. माझ्या हातचं खात नाही, म्हणते त्यात काहीतरी घातलंय." आणि हुंदके देत ती म्हणाली, "तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवा. कोणाला सांगू नका, फक्त हात ठेवा."

देलिमाने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, घड्या न घातलेले टॉवेल टोपलीत भरले, टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाली, "चला."

तिने जिनेतच्या डोक्यावर हात ठेवला नाही. खोलीच्या उंबऱ्यात, जिनेतकडे पाठ करून, जमिनीवर बसली आणि टॉवेलच्या घड्या घालू लागली. तासभर. मग उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी तेच टॉवेल विस्कटून परत गेली. असे चार दिवस. पाचव्या दिवशी काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. जिनेतने मागून विचारलं, "तू काय पुटपुटतेस?"

"काही नाही. ओठ आपोआप हलतात. गोळ्यांनी."

"मला वाटलं, तुलाही ऐकू येतं."

"येतं कधी कधी," देलिमा म्हणाली. "पूर्वी फार यायचं. मी सूतगिरणीत होते ना, यंत्रांच्या खडखडाटातून माझं नाव यायचं. आता लांबच्या रेडिओसारखं येतं."

"काय म्हणतात?"

"शिव्याच देतात. तुला?"

"मलाही," जिनेत म्हणाली.

त्या दिवशी देलिमाने खिशातून ब्रेडचा तुकडा काढला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मागे सरकवला. जिनेतने तो खाल्ला. पुढच्या आठवड्यात वाटाण्याचं सूप. जूनच्या मध्यावर दोघी लोरेतच्या परसातल्या बाकावर बसलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. जिनेतचे केस देलिमाने विंचरले होते.

लोरेतला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. तिने आम्हां दोघींना कॉफीला बोलावलं. चांगले कप काढले, काकवीची बिस्किटं केली.

"चमत्कार आहे हा," ती म्हणाली. "मी फादरना सांगणार आहे. ते बिशपना लिहितील. सिस्टर, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही पवित्र माणसं. ही घाण घरात असली की काय होतं ते तुम्हाला कुठून कळणार? पण देवाने तुमच्या हातून ती घालवली. आता ना डॉक्टर, ना औषध."

देलिमाने कप खाली ठेवला. मी तिच्याकडे बघत होते. मला कळलं ती काय करणार आहे, आणि मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय बाजूला घेतला.

"लोरेत," ती म्हणाली, "मी नन नाही. मी कधीच मठात नव्हते. मी वेड्यांच्या इस्पितळात होते. एकतीस वर्षं."

लोरेत हसली, विनोद असेल असं वाटून. मग हसायची थांबली.

"जिनेत बरी झालेली नाही," देलिमा बोलत राहिली. एवढं सलग बोलताना मी तिला तेव्हाच ऐकलं. "तिला माझी सोबत झाली, एवढंच. तिला डॉक्टर लागेल. आत्ता, लवकर. आता चांगल्या गोळ्या आल्यात, घरी राहून घेता येतात. मला बाबांनी सात महिने माळ्यावर ठेवलं होतं, लोकांना कळू नये म्हणून. नंतर नेलं तेव्हा मी माझं नावसुद्धा सांगू शकत नव्हते. तिला लपवून ठेवू नका. मी येत जाईन तिच्याबरोबर डॉक्टरकडे."

लोरेत उठली. देलिमाच्या पुढ्यातला कप तिने दोन बोटांनी उचलला. त्यात अर्धी कॉफी होती. तो तिने धुवायला नाही ठेवला. कचऱ्याच्या डब्यात टाकला. चांगल्या सेटमधला, सोनेरी कडेचा कप.

"माझ्या पोरीच्या खोलीत वेडीला पाठवलंस तू, रोलांद," ती मला म्हणाली. देलिमाशी एक शब्द बोलली नाही.

मी काय म्हणाले? काही नाही. पिशवी उचलली आणि देलिमाला घेऊन घरी आले. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. सगळं किती छान चाललं होतं, असं वाटत होतं.

रविवारपर्यंत गावभर झालं. पुढचा बाक आमच्यासाठी सुटला नव्हता. आम्ही मागे बसलो तर त्या बाकावरच्या दोघी उठून पलीकडे गेल्या. ज्या बाईने हाताचं चुंबन घेतलं होतं ती देलिमाच्या हलत्या ओठांकडे बघून शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली, आणि शेजारणीने लेकराला मांडीवर ओढून घेतलं. तेच ओठ, तीच बाई. आठ दिवसांत एवढाच फरक पडला होता की आता त्यांना तिच्याबद्दल खरं माहीत होतं.

कारखान्यात कोणीतरी अडेलारच्या यंत्रावर जपमाळ लटकवून ठेवली. "मोर्नो, तुझ्या सिस्टरला सांग, वॉर्ड नंबर सहामधून माझ्यासाठीही दोन शब्द टाक म्हणावं." सगळे हसले. तो संध्याकाळी घरी आला तो टोपी न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"आईने आणि मी मिळून एकतीस वर्षं झाकून ठेवलं," तो म्हणाला. "आणि तू एका दुपारी, कॉफी पिता पिता सगळं उधळलंस. का? कोणी विचारलं होतं तुला?"

"त्या पोरीला डॉक्टरची गरज आहे."

"तुझ्या कोण लागते ती? मी तुझा भाऊ आहे. माझा विचार केलास?"

देलिमा बटाटे सोलत होती. तिने सुरी ठेवली. "अडेलार," ती म्हणाली, "तुला आठवतं, आपण कुठे चाललोय असं तू मला गाडीत सांगितलं होतंस?"

त्याने टोपी काढली.

"सेंत-आनच्या तीर्थाला चाललोय, म्हणाला होतास. मी निळी हॅट घातली होती. रिबिनीची."

"बाबांनी सांगायला लावलं होतं," अडेलार म्हणाला. "मी सोळा वर्षांचा होतो, देलिमा. त्यांनी मला तुझ्या शेजारी बसवलं, म्हणाले तुझंच ऐकते ती. मी..."

"माहीत आहे. फाटकाची पाटी मी वाचली होती. वेडी होते, पण वाचता येत होतं मला." तिचे ओठ हलत राहिले, मग शब्द आले. "तुझे गुडघे थरथरत होते. मी ओरडले असते तर तू आयुष्यभर ते ऐकत बसला असतास. म्हणून गुपचूप उतरले."

अडेलार टोपी हातात घेऊन खुर्चीत बसला आणि रडला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं, त्याच्या आईच्या वेळीसुद्धा नाही. देलिमाने त्याच्या टकलावर हात ठेवला. मग परत बटाटे सोलू लागली, कारण जेवणाची वेळ झाली होती.

लोरेतने जिनेतला डॉक्टरकडे नेलं नाही. परसातला बाकही रिकामा पडला. उन्हाळाभर वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. कधी कधी आतून जिनेत देलिमाला हाका मारायची, आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायच्या. देलिमा कुंपणापाशी जाऊन उभी राहायची. "मी इथे आहे गं," एवढं म्हणायची. मग खिडकी धाडकन बंद व्हायची. दोनदा मी लोरेतच्या दारावर थाप मारली. दोन्ही वेळा तिने उघडलं नाही. तिसऱ्यांदा मी गेले नाही.

सप्टेंबरमध्ये, सकाळी आठच्या सुमाराला, कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर जिनेत झोपण्याच्या झग्यात घराबाहेर पडली आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली. अर्धं गाव पुलावर जमा झालं. अग्निशमन दलाच्या माणसांनी तिला धरून खाली उतरवलं. त्याच दुपारी तिला इस्पितळात नेलं. ज्या इस्पितळातून देलिमा आली होती, त्याच.

लोरेत पुढच्या रविवारी चर्चमध्ये आली, काळे हातमोजे घालून. कोणीतरी विचारलं, "जिनेत कशी आहे?" ती म्हणाली, "हार्टफर्डला आहे. काम खूप असतं." विचारणारी बाई स्वतः पुलावर होती, मी तिला पाहिलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं हो. नोकरी चांगली आहे."

त्या दिवशी जेवताना देलिमाने मला विचारलं, "रोलांद, रविवारी तिकडची बस किती वाजता असते?"

मी म्हटलं, "तू जाणार? तिथे?"

"एकटीला भीती वाटते," ती म्हणाली. "तू येशील?"

मी गेले. अठरा वर्षं उशिरा, पण गेले. बसमध्ये तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. फाटकाशी ती थांबली, मी 'चल' म्हटल्यावर आत शिरली. दारावर एक म्हातारी परिचारिका होती, तिने देलिमाला लगेच ओळखलं. "अगं बाई, देलिमा! परत आलीस ना शेवटी? मला वाटलंच होतं. ये, पिशवी दे इकडे." आणि तिने पिशवीला हात घातला.

देलिमाने पिशवी सोडली नाही. "नाही," ती म्हणाली. "मी राहायला नाही आले. मी भेटायला आलेय."

परिचारिकेने तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरची वही पुढे केली. भेटायला येणाऱ्यांनी सही करायची वही. देलिमाने पेन घेतलं आणि एकेक अक्षर लावत नाव लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात जिनेत क्लूतिए. 'नाते' या रकान्यापाशी ती अडली. "काय लिहू?" तिने मला विचारलं.

"शेजारीण लिही," मी म्हटलं.

जिनेत सूज आल्यासारखी दिसत होती, जडावलेली. देलिमाला पाहून तिने एवढंच विचारलं, "टॉवेल आणलेस?" देलिमाने खरंच आणले होते. आम्ही तिघींनी घड्या घातल्या. इथे चांगली नर्स कोणती, गोळ्या कशाबरोबर घेतल्या की मळमळत नाही, खिडकीपाशी कोणत्या खुर्चीवर ऊन येतं, हे सगळं देलिमाने तिला सांगितलं. मी ऐकत बसले. एकतीस वर्षांतलं तिचं आयुष्य मी पहिल्यांदाच ऐकत होते, तेही दुसरीला सांगितलेलं.

त्यानंतर साडेतीन वर्षं, एक रविवार आड, देलिमा जात राहिली. कधी माझ्याबरोबर, पुढे पुढे एकटी. हिवाळ्यात बस बंद पडायची तेव्हा अडेलार गाडीने सोडायचा. फाटकाबाहेर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून बसायचा. उतरला मात्र कधीच नाही.

आणि लोरेत? पहिल्या नाताळाच्या आधीच्या रविवारी आम्ही बस थांब्यावर उभ्या होतो. ती आली, बाकावर एक पत्र्याचा डबा ठेवला, आणि एकही शब्द न बोलता परत गेली. आत काकवीची बिस्किटं होती, अजून कोमट. आम्ही ती जिनेतला दिली. रिकामा डबा संध्याकाळी लोरेतच्या पायरीवर ठेवला. तेव्हापासून दर खेपेला डबा बाकावर यायचा. पण बसमध्ये ती कधी चढली नाही. एकदा देलिमा तिला म्हणाली, "लोरेत, शेजारी जागा आहे." ती मान खाली घालून निघून गेली.

१९७८ च्या फेब्रुवारीत देलिमाला न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत संपलं. शेवटच्या दिवशी शुद्धीत होती. मला म्हणाली, "हा रविवार आपला आहे ना?" मी म्हटलं, "हो." अंत्यविधीला सात माणसं होती, त्यात आमच्या दोन मुली. अडेलारने वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. मठाचं नाव घेतलं नाही, इस्पितळाचंही नाही. धुलाईखान्यात वीस वर्षं काम केलं, एवढं लिहिलं.

मीच जिनेतला सांगायला गेले. ती ऐकून खिडकीपाशी, ऊन येणाऱ्या खुर्चीवर जाऊन बसली. मग म्हणाली, "आता कोण येणार?"

"मी येईन," मी म्हटलं.

चार वेळा गेले. पाचव्या वेळी गुडघा दुखत होता. सहाव्या वेळी धाकटीचं बाळंतपण होतं. मग अडेलारचं दुखणं निघालं, आणि तो गेला. हे सगळं खरं आहे, सबबी नाहीत त्या. पण देलिमालाही कारणं नव्हती का? मला सांगायचंय ते एवढंच की तिला जमलं आणि मला जमलं नाही.

पुढे इस्पितळ आणखी लहान झालं आणि जिनेतला कुठल्या तरी शहरात, अशा लोकांच्या वसतिगृहात हलवलं असं कानावर आलं. गेल्या हिवाळ्यात, मिस्सा संपल्यावर, मी लोरेतला गाठलं. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. मी म्हटलं, "जिनेतचा पत्ता दे मला. पत्र तरी लिहिते."

तिने पर्स उघडली. हातमोज्यांच्या बोटांनी शोधायला वेळ लागला. एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. तिच्याच अक्षरात जिनेतचं नाव होतं, आणि वर टपालखात्याचा शिक्का. या पत्त्यावर राहत नाही, पाठवणाऱ्याकडे परत. पाकीट कधी उघडलंच गेलं नव्हतं.

"पहिलंच लिहिलं होतं गं," लोरेत म्हणाली.

पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. मी पाकीट तिच्या पर्समध्ये परत ठेवलं, तिचा दंड धरला, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकेक पायरी चाचपत खाली उतरलो.